घाट उतरताना

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत मागच्या भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग असते. पूर्वी तिथं एकच खुर्ची असायची, एका फार वृद्ध हाजीसाहेबांसाठी. आता सात-आठ असतात आणि जुम्म्याला कोपऱ्यातून आणखी काढाव्या लागतात. ज्यांना गुडघे मुडपून बसता येत नाही, सजद्यात जाता येत नाही, त्यांच्यासाठी ही सोय. शरियतीनं तशी सवलत दिलेली आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. तरी 2022 च्या जुलै महिन्यात आमचे टेलरमास्तर पहिल्या सफमधली आपली नेहमीची जागा सोडून त्या खुर्चीवर जाऊन बसले, तेव्हा आम्हा दोघांना मान वळवून मागं बघवलं नाही. कारण मास्तरांना त्या खुर्चीवर आम्ही नेऊन बसवलं होतं.

आम्ही म्हणजे तसे चौघे. फजरची नमाज झाली की परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर तासभर फिरणारे. एक हे टेलरमास्तर. दुसरे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरसाब, ज्यांनी आयुष्यातली एकतीस वर्षं स्टिअरिंगवर काढली. तिसरे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. लिहिण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलेलं असलं तरी सांगणं सगळ्यांचं आहे. आणि चौथे अण्णा. ते माळकरी. आम्ही मशिदीतून निघतो तेव्हा ते काकड आरती उरकून विद्यापीठाच्या फाटकाशी उभे असतात.

अण्णांच्या गावची एक लहानशी दिंडी दर आषाढीला पंढरपूरला जाते. दैठण्यावरून गोदावरी ओलांडून गंगाखेड, परळी, मग अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर अशी तिची वाट. शेगावची गजानन महाराजांची पालखीही परभणीहून पुढं साधारण याच वाटेनं जाते. त्या दिंडीच्या भगव्या पताका पंचवीस वर्षं आमचे मास्तर शिवत आले. कापड अण्णांचं, शिलाई मास्तरांची, आणि शिलाईचे पैसे कधी घेतल्याचं आम्हाला आठवत नाही. 2020 आणि 2021 ही दोन वर्षं कोरोनामुळं पायी वारी झाली नाही. 2022 ला पुन्हा निघायचं ठरलं आणि अण्णा नवं कापड घेऊन दुकानात आले, तेव्हा मास्तर म्हणाले, "अण्णा, पंचवीस बरस हो गए शिवते शिवते. ये जाते कहाँ, एक बार देखना तो चाहिए."

झालं. मास्तर निघाले म्हणून आम्हीही निघालो.

मुसलमान दिंडीत चालला याचं वर्तमानपत्रांना मोठं अप्रूप वाटतं. फोटो छापून येतात. आम्हाला त्यात फारसं नवल वाटत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या मराठी संतपरंपरेतलेच आहेत, आणि देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा तिची पहिली आरती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होते. गंगाखेड तर जनाबाईंचं गाव, ते आमच्याच जिल्ह्यात. असो. हा लेख त्याबद्दल नाही. तो गुडघ्यांबद्दल आहे.

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला चालण्याची भीती नाही. काळी जमीन, सपाट रस्ता, गोदावरी-पूर्णा-दुधनेची खोरी. डोंगर म्हणावा तर जिंतूरकडं थोडा. समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटर उंचीवर आमचं सगळं आयुष्य जातं आणि त्यात वर-खाली म्हणजे घराचा जिना, नाहीतर स्टेशनचा दादरा. सपाटीवर आम्ही दिवसाला पंचवीस किलोमीटर सहज चालू, याची खात्री होती आणि ती खोटीही नव्हती. गंगाखेडपर्यंतचे चाळीसेक किलोमीटर आम्ही गप्पा मारत संपवले. सफरीत होतो म्हणून नमाज कसर पढायचो, चारच्या ठिकाणी दोन रकात. दिंडी विसाव्याला थांबली की रस्त्याकडेला मुसल्ला अंथरायचा. अण्णांच्या गावची पोरं तोवर आमच्या पिशव्या सांभाळायची.

भीती होती ती चढाची. परळीपासून अंबाजोगाईकडं बालाघाटाचा चढ लागतो, त्याची सगळ्यांनी आठवडाभर आधीपासून धास्ती घेतली होती. लिंबाचं सरबत करून घेतलं, पहाटे लवकर निघालो, दर वळणाला थांबलो. मास्तर तेव्हा चौसष्ट वर्षांचे, वजन ब्याऐंशी किलो. धापा टाकत का होईना, चढले. वर पोहोचल्यावर आम्हाला वाटलं, आता काय, अर्धी लढाई जिंकली.

अंबाजोगाईला मुक्काम होता. गावाबाहेर दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधू' या ग्रंथाचा काळ परंपरेनं शके 1110 मानतात. विद्वानांचे त्यावर वाद आहेत, पण गुरुजींनी चाळीस वर्षं तो मुलांकडून पाठ करून घेतलेला, त्यामुळं तिथं जाणं आलंच. दरीत उतरणारी वाट तीव्र आहे. मास्तर पुढं होऊन भराभरा उतरले. आदल्या दिवशीच्या चढाचा सूड घेतल्यासारखे. "बघा, उतरताना मी पहिला!" म्हणाले. आम्हीही मागोमाग, चपला फटफटवत.

त्या रात्री काहीच दुखलं नाही. दुखलं दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी तर मास्तरांना ओट्यावरून खाली पाय टाकवेना. मांड्या लाकडासारख्या घट्ट. आम्ही म्हटलं, वारं लागलं. तिळाच्या तेलानं चोळून दिलं. दोन दिवसांत उतरलं, आणि आम्ही ते विसरलो. उताराचं दुखणं असं उशिरा येतं, एक-दोन दिवस मागं रेंगाळून, आणि येतं तेव्हा आपण कुठल्या दरीत उड्या मारल्या होत्या ते डोक्यात राहत नाही, हे आम्हाला फार नंतर कळलं. शरीरानं धाडलेली ती चिठ्ठी होती. वाचली कुणी नाही.

धाराशिवला (तेव्हा कागदोपत्री ते उस्मानाबादच होतं) आम्ही ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या दर्ग्यावर फातेहा पढलो आणि तुळजापूरला आलो. इथं एक अडचण उभी राहिली. त्या वर्षी आषाढी एकादशी 10 जुलैला होती आणि बकरी ईदही 10 जुलैलाच. आपल्याकडं हे दोन्ही महिने चंद्रावर चालतात, त्यामुळं महिने जुळले की हिजरीची दहावी तारीख आणि आपली एकादशी एकाच दिवशी येऊन भेटतात. 2023 लाही 29 जूनला तसंच झालं, आणि त्या वर्षी तर राज्यात कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी कुर्बानी दुसऱ्या दिवसावर टाकली. पुढं मधे अधिक महिना आला आणि 2024 व 2025 ला एकादशीच्या गाठीला मोहर्रमची दहावी आली. असा हा हिशेब गुरुजींना फार आवडतो, पण 2022 ला तो आमच्या मुळावर आला. ईदला घरी असणं भाग होतं. बकरा घ्यायचा बाकी होता. आम्ही सोलापूरपर्यंतच चालणार आणि तिथून गाडी धरणार असं ठरलेलं, पण पावसानं दिंडी तुळजापुरात अर्धा दिवस अडकली. दुपार टळल्यावर निघालो ते घाईतच. अंधार पडायच्या आत तामलवाडीकडं जमेल तितकं सरकायचं होतं.

तुळजापूर बालाघाटाच्या माथ्यावर आहे, साधारण साडेसहाशे मीटरांवर. सोलापूर त्याच्याहून दीड-दोनशे मीटर खाली. त्यातली बरीचशी उंची गाव सोडल्या सोडल्या घाटातच संपते. घाटाच्या तोंडाशी मास्तर जरा थबकले. "घुटने में क्या तो बी होरा," म्हणाले. उजव्या गुडघ्यावर हात ठेवून.

आणि आम्ही काय म्हणालो? "मास्तर, अब तो उतारच उतार है. गाडी न्यूट्रलमें डालो और चलो."

हे वाक्य ड्रायव्हरसाबांचं. पण हसलो सगळेच, म्हणून ते सगळ्यांचं.

पुढं वळणं चुकवून मधूनच उतरणारी एक पायवाट दिसली. दिंडीतली तरुण पोरं तिच्यावरून पळत सुटली होती. आम्हीही तीच धरली. ओली माती, सुटे दगड, पायात रबरी सँडल. गुडघे ताठ, टाचा आपटत, धावल्यासारखे. उतारावर ताठ पाय टाकला की दणका थेट सांध्यात जातो. थांबावं म्हटलं तर थांबता येत नाही, एकेक पाऊल मागच्याहून लांब पडत जातं. मास्तरांच्या पाठीवर त्यांची पिशवी होतीच, वर आम्ही पाण्याच्या दोन बाटल्या त्यांच्याकडं दिलेल्या, कारण ते पुढं होते. मधे त्यांना कुणीतरी एक काठी दिली. ती त्यांनी दुखऱ्या उजव्या बाजूच्याच हातात धरली. आम्हाला ते बरोबरच वाटलं. वास्तविक काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते, म्हणजे दुखरा पाय आणि काठी दोघं मिळून भार घेतात. हे आम्हा चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि चौघांचं मिळून वय अडीचशेच्या वर.

चाळीस मिनिटांत घाट संपला. आम्ही खूश.

पायथ्याला एक छोटा पूल आहे. तिथं असरसाठी थांबलो. मास्तरांनी वजू केलं, उभे राहिले. रुकू झाला. सजद्यात जाताना हात आधी टेकवले, ते आम्हाला शेजारून जाणवलं. दोन सजदे झाले, दुसऱ्या रकातीला ते कसेबसे उठले. मग कायद्याला बसायची वेळ आली. ज्यांनी नमाज पाहिलेली नाही त्यांना सांगायचं तर ही बैठक बरीचशी वज्रासनासारखी असते. गुडघा पूर्ण मुडपावा लागतो. मास्तर बसले आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. सलाम फिरवल्यावर आम्ही वळून पाहिलं, तर ते तसेच बसलेले. उठता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आम्हाला हातानं खुणावत होते की, काही नाही, काही नाही.

अण्णा आणि ड्रायव्हरसाबांनी काखेत हात घालून उठवलं. गुडघा तासाभरात नारळाएवढा झाला. रात्री मुक्कामावर आम्ही आणखी एक पराक्रम केला: सुजलेल्या गुडघ्याला गरम तेलानं जोर लावून मालिश. करायला हवं होतं ते उलट. पाय उशीवर उंच ठेवायचा, ओल्या फडक्यानं थंड ठेवायचा, आणि चोळायचं अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी दिंडीच्या टेंपोतून त्यांना सोलापूरला नेलं. याच शहरात 1990 साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, त्याच्या आठवणी गुरुजी वाटभर सांगणार होते. त्या तशाच राहिल्या. गाडीत मास्तरांचा पाय मांडीवर घेऊन बसलो आणि परभणी येईपर्यंत कुणी बोललं नाही.

ईदनंतर हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. मास्तरांसोबत आम्हीही तिघे आत शिरलो, एवढी गर्दी पाहून डॉक्टर जरा वैतागले. फोटो काढला. वाटीच्या मागची कूर्चा बरीच झिजलेली. शिलाई मशीनचं पायंडल मारून चाळीस वर्षांत थोडीफार झिजलीच असणार, ते म्हणाले, पण या वेळचं निमित्त घाटाचं. मग त्यांनी टेबलावरच्या कागदावर पायाचं चित्र काढून समजावलं. चढताना मांडीचा पुढचा मोठा स्नायू आखडतो आणि शरीर वर ढकलतो. दम लागतो तो हृदयाला आणि छातीला. उतरताना तोच स्नायू ताणात राहून लांबत जातो आणि शरीराला हळूहळू खाली सोडतो. तो ब्रेकचं काम करतो. दम लागत नाही म्हणून आपल्याला वाटतं काहीच काम होत नाही. सपाटीवर वाटीच्या सांध्यावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या आतबाहेर असतो. पायऱ्या उतरताना तो तिपटीच्या पुढं जातो. मांडीचा स्नायू थकला की ब्रेक सुटतो, आणि मग प्रत्येक पावलाचा दणका कूर्चेवर.

'ब्रेक' शब्द ऐकताच ड्रायव्हरसाब खुर्चीत ताठ झाले. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ जमिनीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एकतीस साल मैं नये पोरांना हेच शिकवलं. जिस गिअरमें गाडी घाट चढती, उसीच गिअरमें उतारो. ब्रेकवर उतरवाल तर लायनर जळेल. न्यूट्रल केली तर मराल. और मास्तर को मैंच बोला, न्यूट्रल करो."

आम्ही त्यांची समजूत काढली नाही. काय काढणार?

मास्तर खुर्चीवर नमाज पढू लागले. दुकान चालूच होतं, मशीनला मुलानं मोटर बसवून दिली. तक्रार त्यांनी कधी केली नाही. एकदाच, इशानंतर चपला घालता घालता म्हणाले, "जमीन को माथा नै लगा तो नमाज हुई सो लगता नै." हाफिजजी जवळच होते. त्यांनी समजावलं की, नाइलाजानं बसून पढलेली नमाज पूर्ण नमाजच असते. मास्तर म्हणाले, "जी, मालूम है." आणि निघून गेले.

त्यानंतरची दीड वर्षं आम्ही गुडघ्यांची शाळा भरवली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मास्तरांना जे व्यायाम दिले ते आम्हीही करू लागलो, अर्धं त्यांना सोबत म्हणून, अर्धं लाजेनं. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि दहा आकडे धरून ठेवायचा. भिंतीला पाठ लावून अर्धं खाली बसल्यासारखं राहायचं, दुखणार नाही इतपतच. आणि विटेचा व्यायाम: एका विटेवर एक पाय ठेवून उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच अगदी सावकाश जमिनीला लावायची, पुन्हा वर. ही नेमकी उतरण्याचीच तालीम. अण्णांनी पाहिलं आणि म्हणाले, "विटेवरच्याला बघायला आम्ही पंढरीला जातो, तुम्ही तर अंगणातच उभे!" मास्तर त्या दिवशी खूप दिवसांनी खळखळून हसले.

वजनाचं बाईंनी सांगितलं ते आमच्या मनात बसलं. गुडघेदुखी असलेल्या वजनदार ज्येष्ठ माणसांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला होता. त्यात दिसलं की एक किलो वजन उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो. मास्तर ब्याऐंशीवरून चौऱ्याहत्तरवर आले. हिशेब करा. आमच्यातल्या बाकीच्यांचे आकडे इथं देत नाही.

दुसरी गोष्ट सरावाची. उताराची सवय उतरूनच होते. थोड्या उतारानं एकदा मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्या उतारानं त्या तशा दुखत नाहीत, स्नायू शिकलेला असतो. पण परभणीत उतार आणायचा कुठून? शेवटी रेल्वे स्टेशनचा दादरा सापडला. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि एकीकडून चढून दुसरीकडं सावकाश उतरायचं, दहा-दहा वेळा. एकदा तिकीट तपासनीसानं अडवलं. "कोणत्या गाडीला आलात?" ड्रायव्हरसाब म्हणाले, "गाडी नाही साहेब, ब्रेक तपासतोय." त्यांनी आमच्या पांढऱ्या दाढ्यांकडं पाहिलं आणि सोडून दिलं. महिन्यातून एखाद्या रविवारी जिंतूरला जाऊन नेमगिरीची टेकडी चढ-उतार करायचो. तिथली जैन लेणी पाहायला येणारी मंडळी खाली येऊन चहा पिऊन गेलेली असायची, तरी आम्ही अर्ध्यातच.

2024 ला आम्ही पुन्हा गेलो. पूर्ण नाही, धाराशिवपासून सोलापूरपर्यंत. मास्तर चालणार नव्हते. डॉक्टरांनी सपाटीवर परवानगी दिली होती, घाटाला नाही. ते म्हणाले, मी एसटीनं पुढं येतो, पायथ्याच्या पुलावर भेटू. निघायच्या आधी त्यांनी आम्हाला एकेक पिशवी शिवून दिली. पाठीशी घट्ट बसणारी, कमरेला पट्टा असलेली, म्हणजे उतरताना ओझं मागंपुढं हिंदकळू नये. आत मोजून चार किलोंवर काही मावणार नाही अशीच बेतलेली.

या वेळी पायात नाडीचे बूट होते. उतार लागण्याआधी नाडी घोट्यापाशी आवळून बांधायची, नाहीतर पाऊल आत पुढं घसरतं, बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात. हातात दोन-दोन काठ्या. साल्झबर्गच्या संशोधकांनी 1999 साली पंचवीस अंशांच्या उतारावर मोजमापं घेऊन दाखवलं होतं की, दोन काठ्या नीट वापरल्या तर उतरताना गुडघ्यावरचा भार बारा ते पंचवीस टक्क्यांनी हलका होतो. आमच्या काठ्या बांबूच्या, सपाटीपेक्षा वीतभर लांब तोडलेल्या, कारण उतारावर त्या आपल्याहून खालच्या जमिनीवर टेकवायच्या असतात. आधी काठी, मग पाऊल.

पायवाटेकडं आम्ही पाहिलंही नाही. डांबरी रस्त्यानंच उतरलो, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या अंगानं. वळणाच्या आतल्या बाजूला रस्ता जास्त कलता असतो, हे ड्रायव्हरसाबांना तोंडपाठ. तिथं वाहन नसेल तर ते आम्हाला जरा बाहेरून वळवायचे. गुडघे किंचित वाकवून, पाऊल वीतभरच पुढं, आणि अंग मागं न टाकता जरा पुढं कललेलं. घाबरलेला माणूस उतारावर मागं झुकतो आणि मग टाच घसरते. गुरुजींनी तेव्हा सांगितलं की, पैगंबरांच्या चालण्याचं वर्णन शमाइलच्या किताबांत आहे, ते उंचावरून उतरावं तसे किंचित पुढं कलून चालत. आणि हजरत जाबिरांनी सांगितलेलं आहे की, सफरीत चढ लागला की सहाबी तकबीर म्हणत आणि उतार लागला की सुब्हानल्लाह. आम्ही म्हणू लागलो. एका पावलाला एक. पाऊल लांबवलं की जप तुटतो, जप धरला की पाऊल आखूड राहतं.

पुढं अण्णांच्या दिंडीतल्या बाया होत्या. त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई उड्या मारत उतरूच शकत नाही. मान सरळ, गुडघे नरम, पाऊल लहान, टाळांच्या ठेक्यावर. त्यांतल्या कित्येकींच्या पायांत साध्या चपला. एका आजींचं वय सत्तरच्या पुढचं असणार. दोन वर्षांपूर्वीही त्या याच घाटात होत्या, अण्णांनी सांगितलं. आम्ही पायवाटेनं धावत सुटलो होतो तेव्हा मागून त्यांनीच हाक मारली होती म्हणे, "बाबांनो, हळू!" आम्हाला ऐकू आली नव्हती.

दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबलो. मांड्या थरथरू लागल्या की थांबायचं, दुखायची वाट पाहायची नाही. कठड्याला टेकून उभं राहायचं, एक पाय मागं घोट्याला धरून मांडी ताणायची, पाणी प्यायचं. मागून येणाऱ्या दोन दिंड्या आम्हाला ओलांडून गेल्या. एका पोरानं जाता जाता विचारलं, "चाचा, पाय दुखतात का?" "नाही बेटा, दुखू नयेत म्हणून थांबलोय." त्याला ते कळलं नाही. त्याच्या वयात आम्हाला तरी कुठं कळलं असतं.

खाली पुलावर मास्तर बसलेले होते. थर्मास शेजारी, मुसल्ला घडी घालून मांडीवर. असरची वेळ होऊन गेली होती, पण आमच्यासाठी थांबले होते. आम्ही जमिनीवर, आणि ते पुलाच्या कठड्यावर बसून, अशी जमात केली. दुसऱ्या सजद्यातून उठताना शेजारी काही हालचाल जाणवली. सलाम फिरवून पाहिलं, तर मास्तर कठड्यावर नव्हते. शेवटच्या रकातीला खाली उतरले होते, डावा पाय मुडपलेला, उजवा तसाच समोर लांब सोडलेला. कपाळाला पुलावरची ओली माती लागली होती.

कुणी काही बोललं नाही. ड्रायव्हरसाबांनी हात पुढं केला, तर मास्तर कठड्याला धरून आपले आपणच उठले. गुडघा चोळला. मग थर्मासचं झाकण उघडलं, चहा कोमट झाला होता.

"किती वेळ लागला घाटाला?" त्यांनी विचारलं.

"दीड तासाच्या वर," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी तीन कप भरले, चौथा स्वतःसाठी घेतला, आणि घाटाकडं बघत म्हणाले, "और थोडा आहिस्ता आते तो भी चलता था."